घरापासून गोठ्यापर्यंत 280 मीटर

तीन वर्षं मी बॅटरी तोंडात धरून गाईंच्या धारा काढल्या. बॅटरी म्हणजे आपली चार्जिंगची टॉर्च, पिवळ्या प्लास्टिकची. दातांत धरली की दोन मिनिटांत लाळ गळायला लागते, आणि गाईनं शेपूट मारलं की ती नेमकी शेणात पडते. पुसून पुन्हा तोंडात धरायची नाही म्हटलं, तर बादलीत काय पडतंय ते दिसत नाही. मोबाइलचा लाइट पदरात खोचून पाहिला, डोक्याला बांधायचा दिवा आणून पाहिला. तो दिवा बघून आमची चंद्री अशी बिचकली, की दावंच तोडलं.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या पट्ट्यात. घर मळ्यात, वस्तीवर. गोठा पूर्वी घराच्या मागच्या भिंतीलाच होता. 2021 साली नवं घर बांधलं तेव्हा माशा नकोत, वास नको म्हणून गोठा खाली विहिरीजवळ नेला. पाणी जवळ, शेणखड्ड्याला ऐसपैस जागा. पत्रे, गव्हाण, कोबा, सगळ्याचा विचार झाला. विजेचं मात्र ‘बघू नंतर’ झालं. घर बांधताना जे जे ‘बघू नंतर’ होतं, ते पुढं बाईमाणसाच्या गळ्यात पडतं, हा माझा अनुभव आहे.

सुरुवातीला सगळे करतात तेच आम्ही केलं. विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे, तिच्या पेटीतून एक वायर काढून गोठ्यात दिवा लावला आणि कडबा कुट्टीचं मशीनही त्यावरच जोडलं. पण शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या लाइनला, लाइट पाळीनं येते. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. दिवसपाळी असली की पहाटे धारेच्या वेळी अंधार, आणि रात्रपाळी असली की रात्री एक वाजता उठून कुट्टी करायची. वर गोठ्यातला तो दिवा बेकायदा. एकदा लाइनवर आलेले वायरमन मामा पेटीकडं बघून म्हणाले, “वहिनी, पंपाच्या कनेक्शनवर विहिरीच्या खोलीत चाळीस वॅटचा एक दिवा चालतो. गोठा नाही चालत. पथक आलं तर 126 लावतील.” 126 म्हणजे वीज कायद्याचं कलम. ज्या कामाला वीज मंजूर आहे ते सोडून दुसऱ्याच कामाला वापरली, तर दुप्पट दरानं आकारणी होते. त्यांनी ते धमकीनं नाही, काळजीनं सांगितलं. ती वायर मी त्याच संध्याकाळी काढायला लावली.

आणि नेमका त्याच पावसाळ्यात शेजारच्या मळ्यातल्या कालवडीला बिबट्यानं धरलं. जुन्नरला बिबट्या काही नवा नाही. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रच आहे, आणि उसात पिल्लं सापडल्याची बातमी दर तोडणीच्या हंगामात असतेच. पण आपल्या गोठ्याच्या मागंच ऊस उभा असताना पहाटे साडेचारला तोंडात बॅटरी घेऊन बसणं वेगळं. उजेड दिसला म्हणून बिबट्या येत नाही असं नाही. वन खात्याच्या माणसांनीही हेच सांगितलं, की आधी वासरांची जागा जाळीनं बंद करा, दिव्याचं नंतर बघा. जाळी केली. तरी मला माझ्यापुढं दहा हात काय आहे ते दिसायला हवं होतं.

पहिली चौकशी नव्या कनेक्शनची. घरापर्यंत आलेली लाइन गावठाणाची आहे, तिला दिवसरात्र सिंगल फेज असते. तिथून गोठ्यापर्यंत सहा पोल लागतील असं निघालं. एका ठेकेदारानं तोंडी आकडा सांगितला, एक लाख चाळीस हजार. कार्यालयात अर्ज दिला, चार वेळा गेले. दर वेळी साहेब साइटवर. पाचव्यांदा गेले नाही. खरं सांगायचं तर साहेब भेटले असते तरी सहा पोलांचे पैसे आमच्याकडं नव्हते.

मग सोलर. जुलै 2023 मध्ये भाऊजींनी मोबाइलवरून एक सोलर दिवा मागवला, 2,200 रुपयांचा. दिवा, पॅनेल, बॅटरी सगळं एकाच डब्यात. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘300 वॅट’. पहिले दोन दिवस ऊन होतं, गोठा लख्ख. नंतर आमच्याकडचा पाऊस लागला. संध्याकाळी साडेसातला पेटायचा, नऊपर्यंत काजव्याएवढा व्हायचा आणि पहाटेला विझलेला. धार मात्र पहाटे.

मी बारावी सायन्स आहे. फिजिक्सला 61 मार्क होते. अठरा वर्षांत त्या 61 मार्कांचा काही उपयोग झाला नव्हता, तो इथं झाला. भर दुपारी एक चौरस मीटरवर साधारण 1,000 वॅटचं ऊन पडतं. चांगलं पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा वीज म्हणून देतं. आमच्या दिव्यावरचं पॅनेल पट्टीनं मोजलं, 30 सेंटीमीटर गुणिले 35. म्हणजे चौरस मीटरचा जेमतेम दहावा भाग. 20 वॅट निघाले तरी देव पावला. 300 कुठून आणणार?

सोलरला नावं ठेवत नाही. नुसते दिवेच हवे असते, तर 100 वॅटचं पॅनेल, 12 व्होल्टची 40 अँपिअर-तासाची बॅटरी आणि डीसी दिवे एवढ्यात भागलं असतं. बॅटरी अर्धीच वापरायची म्हटलं तरी 20 वॅटचा दिवा रात्रभर चालतो, आणि खणाखणी काही नाही. दूरच्या खोपीला दिवाच पाहिजे असेल, तर आजही मी कुणालाही हेच सांगेन. पण आम्हाला धारेचं मशीन घ्यायचं होतं, पंखे लावायचे होते. तेवढ्याचा सोलरचा आकडा 62,000 निघाला, वर चार-पाच वर्षांनी बॅटऱ्या नव्या.

दिवाळीत भाऊजी म्हणाले, “वहिनी, कशाला एवढा विचार? घरून वायर ओढू.” नारायणगावातून ॲल्युमिनियमची दोन तारी वायर आणली, 2.5 स्क्वेअर एमएमची, 17 रुपये मीटरनं 290 मीटर, 4,930 रुपये. तीन गुंडाळ्या, मध्ये दोन जोड, वरून काळी टेप. बांधावरच्या दोन बाभळी, एक आंबा आणि मध्ये चार बांबू. भाऊबीजेच्या दिवशी संध्याकाळी बटण दाबलं आणि गोठ्यात नऊ वॅटचे दोन बल्ब असे पेटले, की आत्याबाईंनी हात जोडले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पुढचे दोन महिने मी राणी होते.

जानेवारीत भाऊजींनी त्याच वायरवर कुट्टीचं मशीन जोडलं. मशीन दोन एचपीचं, सिंगल फेज. बटण दाबलं तर चाक हललंच नाही. नुसता ‘गुंऽऽ’ आवाज. दिवे विझले. भाऊजींनी चाकाला हातानं झटका दिला, ते अर्धा फेरा फिरून थांबलं. “लाइट कमीय आज,” असं म्हणत त्यांनी पुन्हा बटण दाबलं, यावेळी जरा जास्तच वेळ. मग तो वास आला. जळालेल्या व्हार्निशचा वास ज्यानं एकदा घेतला, तो विसरत नाही. गोड असतो आणि घशाला लागतो. घरातला एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण, मात्र पडलाच नाही, तो आपला जागच्या जागी. मोटर रिवाइंडिंगला 2,800 रुपये.

नणंदेचा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियन शिकतो. तो मल्टिमीटर घेऊन आला. मोटर भरून आल्यावर त्यानं तीच वायर लावून एकच क्षण बटण दाबलं आणि गोठ्यातल्या टोकाला व्होल्टेज दाखवलं. घरी 214 आणि इथं 84.

“मामी, वायर म्हणजे पाइपलाइन धरा,” तो म्हणाला. “दीड इंची पाइपनं लांबून पाणी आणलं तर तोंड धुता येतं, पाट भिजवता येत नाही.”

मग आम्ही दोघं ओट्यावर वही घेऊन बसलो. 2.5 ची ॲल्युमिनियम तार म्हणजे एका किलोमीटरला 12.1 ओहम. वीज जाते आणि परतही येते, म्हणून 280 नाही, 560 मीटर धरायचे. हा दुप्पट करायचा मुद्दा मी विसरलेच होते. झाले 6.8 ओहम. नऊ वॅटच्या दोन बल्बांना अँपिअरचा दहावा हिस्साही लागत नाही, म्हणून वाटेत अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो. त्यामुळंच ते ऐटीत पेटत होते आणि आम्ही फसलो. दोन एचपीची मोटर फिरताना बारा-एक अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहापट मागते. एवढा करंट त्या वायरीतून येऊच शकत नाही. येतो तो वीसेक अँपिअर, आणि तेवढ्यातच एकशे तीस व्होल्ट वाटेत खपतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो. 230 च्या जागी 84 मिळाले तर जोर आठवा हिस्सा. आठवा हिस्सा जोरात चाक हलत नाही, आणि चाक हललं नाही की तो सगळा करंट वाइंडिंगची भट्टी करतो. एमसीबी पडावा एवढा तो नसतो, मोटर जळावी एवढा मात्र असतो.

आता उलटं गणित. फिरत्या मोटरला वाटेत 12-13 व्होल्टपेक्षा जास्त पडू द्यायचे नाहीत असं धरलं, तर 16 स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियम केबल काठावर बसते. भरल्या घासानिशी मोटर नीट उचलायची तर 25 ची हवी. जमिनीखालून न्यायची आर्मर्ड, म्हणजे अंगावर लोखंडी चिलखत असलेली, केबल दोन-चार दुकानांत विचारली. 16 ची 125 रुपये मीटर, 25 ची 172. तीनशे मीटरला 51,600, नुसती केबल. मी वही मिटली.

आत्याबाई शेजारी शेंगा फोडत होत्या. आमचं ओहम-अँपिअर त्यांनी तासभर ऐकून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, “आगं, गाया कुट्टी खात्यात. मशीन नाय खात. मशीन कशाला पायजे त्यांच्या तोंडाशी?”

भाचा माझ्याकडं बघतो, मी त्याच्याकडं.

मशीन पहिल्यापासून घराजवळच होतं. गोठा खाली गेला म्हणून तेही मागोमाग गेलं, एवढंच. हत्तीगवताचे वाफे तर अजूनही घराच्या अंगालाच आहेत. गवत कापून, भारा डोक्यावर घेऊन, 280 मीटर चालून, तिथं त्याची कुट्टी करत होतो. त्यापेक्षा इथंच कुट्टी करून हातगाड्यानं खाली नेली तर? कुट्टीला जागाही कमी लागते. गोठ्याला मग काय उरलं? दिवे, दोन पंखे आणि धारेचं मशीन. धारेच्या मशीनची मोटर एक एचपीची, साडेसहा अँपिअरची. शिवाय ती घास भरलेली नसते, मोकळी सुरू होते. तेवढ्याला 10 स्क्वेअर एमएमची केबल बस झाली. किलोमीटरला 3.08 ओहम, आमच्या जाण्यायेण्याला 1.72, आणि वाटेत पडणार 11 व्होल्ट. 88 रुपये मीटरनं तीनशे मीटरचे 26,400. आत्याबाईंच्या त्या एका वाक्याचे 25,200 रुपये झाले. त्या शाळेत गेलेल्या नाहीत.

केबल पुण्यातून आणली, तपकीर गल्लीतून. ह्यांना चाकणहून सुट्टी होती, हे आणि भाचा दोघं गेले. तिथं एका दुकानात 70 रुपयांनीही मिळत होती, वर नाव ना मानकाचा नंबर. भाच्यानं तिची तार सोलून कॅलिपर लावलं, तर 10 ची तार 3 मिलिमीटर भरली. 3 मिलिमीटर व्यास म्हणजे 7 स्क्वेअर एमएम. जी घेतली तिची साडेतीनच्या वर होती. चांगल्या केबलच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. आमच्या तुकड्यावर पहिला आकडा 412, शेवटचा 712. माप दुकानदाराच्या हातावर सोडायचं कारण नाही. आणि तीनशे मीटर सलग घेतली, मध्ये जोड नको म्हणून. जमिनीखालचा जोड म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं बोलावणं.

कांदा निघाला होता, पाऊस यायचा होता. मे 2024. जेसीबी 1,200 रुपये तासानं बोलावला. चर अडीच फूट खोल, कारण लो व्होल्टेजच्या केबलला पाऊण मीटर खोली धरतात. नांगराचं, रोटरचं आणि चुकून मारलेल्या पहारीचं, तिन्हींचं भय तेवढ्यात जातं. चर बांधावरून घेऊ असं सगळे म्हणत होते. मी बांध सोडून तीन फूट आत घ्यायला लावला. बांध जागेवर राहत नाही. दोन्हीकडचे दरवर्षी थोडा थोडा खातात, आणि कुणाचा फाळ कधी केबलला लागेल सांगता येत नाही. झाला तर शॉक, नाहीतर भांडण.

तासाभरात जेसीबीनं आमचीच ठिबकची पाइपलाइन फोडली. अडीच इंची. ती कुठून जाते हे फक्त दादांना माहीत होतं, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आणि ते जाऊन सहा वर्षं झाली. कॉलर, सोल्यूशन, तुकडा मिळून 640 रुपये. आता केबल टाकताना मात्र मी दर पाच मीटरला टेप आडवा धरून फोटो काढले. वळण आहे तिथं दगड पुरून त्याला लाल रंग दिला. आमच्या पोरांना तरी दादांना शोधायची वेळ येऊ नये.

चरात खाली चाळलेली माती, त्यावर केबल, वर पुन्हा चाळलेली माती. वाळू घालतात खरी, पण वाळूचा भाव काय सांगावा. तिच्यावर विटा अंथरतात. आम्ही जुन्या घराची मंगलोरी कौलं अंथरली, ती पडूनच होती. कुणी खणलंच तर आधी कौल लागेल. कौलावर फूटभर माती टाकून लाल पट्टी, मग उरलेली माती. गाडीवाट जिथं ओलांडते तिथं केबल पाइपातून घेतली. उसाची भरलेली ट्रॉली तिथूनच जाते. दोन्ही टोकांना एकेक वेटोळं जादा ठेवलं.

आतापर्यंतचं काम अंगमेहनतीचं होतं. खरी अक्कल टोकांना लागली.

ॲल्युमिनियमची तार पितळी किंवा तांब्याच्या टर्मिनलला थेट कसली की काही महिन्यांत जोड गंजून तापायला लागतो. त्यासाठी तारेच्या टोकाला दाबून बसवायचे दोन धातूंचे लग मिळतात, ते लावले. घरच्या टोकाला 16 अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी. गोठ्याच्या टोकाला पेटी, पण गोठ्याच्या आत नाही. शेणामुताची वाफ तांबं-पितळ खाते, त्यातून पाली आणि गांधीलमाश्या. बाहेरच्या खांबावर, पाच फुटांवर, रबरी कडेची बंद पेटी. तिच्यात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठं जमिनीत गळायला लागली की लगेच पडणारं बटण, आणि दिवे, पंखे, धारेचं मशीन यांना वेगवेगळे एमसीबी.

अर्थिंगवर वायरमन मामांचं आणि भाच्याचं वाजलं. मामांचं म्हणणं, घरचं अर्थिंग केबलच्या चिलखतावरून गोठ्यात न्यायचं, कशाला दुसरा खड्डा? भाचा म्हणाला, घरात कुठं दोष निघाला तर तो चिलखतावरून चालत गोठ्यातल्या लोखंडात येईल. गाय अनवाणी, ओल्या कोब्यावर, पुढचे आणि मागचे पाय पाच फूट लांब. तिच्या अंगाचा रोध साधारण 500 ओहम धरतात, आपला त्याच्या दुप्पट. आपल्याला जाणवणारही नाहीत असे तीन-चार व्होल्ट गाईला कळतात, मग ती पान्हा चोरते, पाणी पीत नाही, लाथ मारते. शेवटी भाच्याचं ऐकलं. चिलखत घरच्या अर्थिंगला आणि गोठ्याकडं मोकळं. गोठ्याचा खड्डा वेगळा, बाहेर, पाणी सांडतं त्या अंगाला. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. मीठ घालताना आत्याबाई म्हणाल्या, “लोणचं घालतीस का काय?”

घरचा मंजूर भारही वाढवून घेतला. गोठा त्याच गटात, त्याच नावावर आहे, हे अर्जात लिहून दिलं. हे काम मात्र आश्चर्य वाटावं इतक्या लवकर झालं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बटण दाबलं. धारेचं मशीन चालू असताना घरी 213, गोठ्यात 201. वहीत 11 व्होल्ट पडायला हवे होते, पडले 12. 61 मार्क काही वाया गेले नाहीत.

पण गोष्ट इथं संपली नाही. जुलैत रोज पहाटे, धार अर्ध्यावर आली की आरसीसीबी पडायचा. अंधार, मशीन बंद, गाई फुरफुरतात. वर केला की पंधरा-वीस मिनिटं राहायचा, पुन्हा पडायचा. चार दिवस हेच. वायरमन नव्हेत, दुसरेच एक मिस्त्री आले होते. ते म्हणाले, “ताई, ते आरसीसीबीचं नाटक काढून टाका. थेट जोडून देतो, परत त्रास नाही.” मला इतका मोह झाला होता म्हणून सांगू. हातात अर्धी बादली आणि वर डेअरीची वेळ.

पण त्याच चार दिवसांत चंद्री तिच्या खांबापासून लांब उभी राहत होती. दावं ताणून, मान वाकडी करून. जिला गव्हाणीतून तोंड काढायला सांगावं लागतं, ती वैरण टाकून मागं सरकत होती. मी मिस्त्रींना चहा पाजून पाठवलं आणि भाच्याला फोन केला. तो म्हणाला, एकेक एमसीबी बंद ठेवून बघा. दिव्यांचा बंद ठेवला, तरी आरसीसीबी पडला. पंख्यांचा बंद ठेवला आणि पूर्ण धार निघाली. रविवारी त्यानं येऊन चंद्रीच्या लोखंडी खांबाला मल्टिमीटरची एक काडी लावली, दुसरी ओल्या कोब्याला. पंखे चालू केल्यावर सहा व्होल्ट. पंख्याची वायर जिथं खांबावर क्लिपनं दाबली होती, तिथं क्लिपेची कड आत घुसली होती आणि पत्र्याचा एक थेंब बरोबर त्याच जागेवर पडत होता. नखाएवढी चीर. हे सहा व्होल्ट तिला चार दिवस कळत होते, आम्हाला नाही. आरसीसीबी काढला असता, तर चीर वाढत वाढत काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. वायर बदलून पाइपातून घेतली, आणि सगळे खांब, गव्हाणीची नळी, पाण्याच्या हौदाची कड एका पट्टीनं जोडून अर्थिंगला दिली. हे आधीच करायला हवं होतं, आमच्याकडून राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी चंद्री खांबाला अंग घासत उभी.

खर्च सांगते, कारण गावात सगळे तोच विचारतात. केबल 26,400. जेसीबी 4,800. पेटी, एमसीबी, आरसीसीबी, लग, ग्लँड मिळून 6,150. अर्थिंग 2,900. वायरमन मामांची मजुरी 4,500. कुट्टी मशीनचा घराजवळचा ओटा आणि दोन पत्रे 3,200. फुटलेली पाइपलाइन 640. एकूण 48,590. आणि त्याआधी अक्कलखाती 9,930 गेले, सोलर दिवा, ती पातळ वायर आणि मोटरचं रिवाइंडिंग. पातळ वायरची एक गुंडाळी आता टोमॅटोच्या बांबूंना आहे, एकीवर कपडे वाळतात.

बिलाचं म्हणाल तर उसाच्या बाजूला 20 वॅटचा दिवा रात्रभर असतो, पाव युनिट. केबल लांब म्हणून वाटेत वीज जळते ती धार चालू असताना 70-75 वॅट, दोन्ही वेळचे मिळून दीड तास. तेवढं मी सोडून देते.

परवा पलीकडच्या मळ्यातले तात्या आले. माझ्या गोठ्यापासून त्यांचा गोठा 200 मीटर. म्हणाले, “सूनबाई, तुझ्या पेटीतून मला एक वायर दे की. दिव्यापुरती. महिन्याचे काय ते देईन.” मी म्हटलं, तात्या, दुसऱ्याला लाइट द्यायला मला परवानगी नाही, तुम्ही तुमच्या घरून आणा, मी गणित करून देते. तात्या गप्प बसले. मग हळूच म्हणाले, “दिव्यापुरतीच म्हणतोय गं. मशीन काय, कधीमधी.”

उद्या त्यांच्या मळ्यात टेप घेऊन जायचंय. आधी मशीन कुठं ठेवलंय ते बघते.